परिचारिकेचा जमाखर्च

पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५० च्या सुमारास कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभिला, हे आपल्या जिल्ह्यातील श्रोत्यांना नव्याने सांगायला नको. पैशाचा आधार सोडून अंगमेहनतीवर जगायचे. शेतीला बैलही लावायचे नाहीत, विहिरीचा रहाट माणसांनीच फिरवायचा. या प्रयोगाची आठवण मुद्दाम काढली. कारण परिचारिकेच्या पगाराचा विषय निघाला की, 'ती सेवा आहे, तिथे पैशाचा हिशेब कशाला?' असे म्हणणारा कोणी ना कोणी भेटतोच. पण कांचनमुक्त माणसाला धान्य पिकवायला जमीन होती, डोक्यावर छप्पर होते, दुखण्याखुपण्यात उशाशी बसणारे सोबती होते. त्याच पवनारात भाड्याच्या दोन खोल्यांत राहून रोज वर्ध्याच्या एखाद्या लहान दवाखान्यात जाणाऱ्या नर्सबाईपाशी यांतले काय आहे? किराणा दुकानदार सेवाभाव पाहून डाळ देत नाही. तेव्हा तिचा हिशेब रुपयांतच मांडला पाहिजे.

सरकारी परिचारिकेचे थोडक्यात आटोपतो. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे राज्य सेवेत तिचे मूळ वेतन ३५,४०० पासून आणि केंद्राच्या सेवेत ४४,९०० पासून सुरू होते. वर महागाई भत्ता असतो. म्हणजे महिना निभतो. तिची काळजी निराळी. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी राज्य सेवेत लागलेलीला अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, तेही महागाई भत्त्यासह. नंतर लागलेलीच्या वाट्याला अंशदानाची पद्धत आली. मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांचा संप झाला तो याच कारणाने, आणि त्यात परिचारिकाही होत्या. पगार आजचा, पण भांडण तीस वर्षांनंतरच्या भाकरीचे, हे त्यात ध्यानात घेण्यासारखे आहे.

खाजगी दवाखान्यातील परिचारिकेला हे भांडण करायलाही जागा नाही. २९ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या वेतनाचा विचार करण्यासाठी समिती नेमण्यास केंद्र सरकारला सांगितले. त्या समितीने सुचविले की, २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य सरकारइतकेच वेतन द्यावे, आणि ५० हून कमी खाटा असतील तरी २०,००० रुपयांखाली जाऊ नये. ही शिफारस आहे, कायदा नव्हे. पण तीच धरून चालू.

आपली परिचारिका २८ वर्षांची आहे, पदरी एक मूल आहे आणि घरात दुसरी मिळकत नाही, असे समजा. दवाखान्यात वीसहून अधिक नोकरमाणसे आहेत, म्हणून भविष्य निर्वाह निधी लागू आहे. (वीसहून कमी असती तर बहुधा तोही नसता, आणि हा लेख येथेच संपला असता.) निधीची वर्गणी २०१४ साली ठरलेल्या १५,००० रुपयांच्या मर्यादेवर कापली जाते असे धरले, तर बारा टक्क्यांनी १,८०० रुपये जातात. महाराष्ट्रात २०२३ पासून २५,००० पर्यंत वेतन घेणाऱ्या स्त्रियांना व्यवसाय कर माफ झाला आहे, ही एक सवलत. हातात पडतात १८,२०० रुपये. आता मी धरलेला खर्च पाहा. कोणाला कमीजास्त वाटल्यास त्यांनी आपला आकडा घालावा. भाडे ४,०००, किराणा, दूध, गॅस ७,०००, जाण्यायेण्याचे १,४००, मुलाची शाळा २,५००, वीज आणि फोन १,०००, आईवडिलांना २,०००. एकूण १७,९००. शिल्लक ३००. यात कापड नाही, औषध नाही, लग्नकार्याचा आहेर नाही.

'पण निधी साठतो आहे ना?' असे कोणी विचारील. साठतो खरा. मालकही १,८०० भरतो. त्यांतले १,२५० निवृत्तिवेतनाच्या खात्यात जातात आणि ५५० निधीत. तिचे १,८०० मिळून निधीत महिन्याला २,३५० पडतात. वर्गणी हीच राहिली आणि व्याज आठ टक्के मिळाले, तर तीस वर्षांनी सुमारे ३३ लाख होतील. आकडा ऐकून बरे वाटते. पण महागाई वर्षाला पाच टक्क्यांनी वाढली तर त्या ३३ लाखांत आजचा साडेसात लाखांचाच माल येईल. निवृत्तिवेतनाचे सूत्र असे : वेतनाला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे. वीस वर्षांवरील नोकरीला मिळणारी दोन वर्षांची भर धरली, तरी १५,००० वर महिन्याला सुमारे ६,८५० रुपये बसतात. आज तिचा किराणाच ७,००० चा आहे. त्याच महागाईने अठ्ठावन्नाव्या वर्षी तो तीस हजारांचा झालेला असेल!

वेतन वाढेल, मर्यादाही कदाचित वाढेल. हिशेब तेवढा सुधारेल. मात्र एक छिद्र असे आहे की ते वाढीनेही बुजत नाही. हजार-दोन हजार अधिक मिळतात म्हणून परिचारिका दवाखाना बदलते, आणि जाताना निधी मोडून घरी आणते. मुलाची फी भागते, पण तीस वर्षांचा चक्रवाढीचा धागा तिथेच तुटतो. कायम नोकरीत सलग पाच वर्षे भरण्याआधी सोडले, तर ग्रॅच्युइटीही, म्हणजे दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, सहसा हातची जाते. दवाखाना बदलणे चूक नव्हे. पण निधीचे खाते बरोबर नेता येते, आणि नव्या कचेरीत जुना क्रमांक देणे एवढेच त्यासाठी करावे लागते.

उरलेल्या ३०० रुपयांचे काय करावे? २०१५ पासून अटल पेन्शन योजना आहे. साठाव्या वर्षापासून महिन्याला ५,००० हवे असतील, तर अठ्ठाविसाव्या वर्षी शिरणाऱ्याला दरमहा ४८५ रुपये भरावे लागतात. ते ५,००० पाच टक्के महागाईने आजच्या सुमारे एक हजार पन्नास रुपयांइतके उरतील. तरीही नसण्यापेक्षा बरे. आपल्या परिचारिकेला त्यासाठी १८५ रुपये कमी पडतात. आईवडिलांच्या दोन हजारांना हात लावायला ती तयार नाही; महिन्यात एक जादा रात्रपाळी मिळेल का, हे ती उद्या मेट्रनबाईंना विचारणार आहे.