वनस्पतिजन्य नॅनोकण व सांडपाण्यातील जड धातू : काशीद परिसराच्या संदर्भात

रायगड जिल्ह्यातील काशीदचा किनारा पांढरी वाळू व सुरूचे बन यांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या उत्तरेस, रेवदंड्याच्या खाडीत कुंडलिका नदी समुद्रास मिळते. ह्याच नदीच्या काठी रोह्याजवळ धाटावची रासायनिक औद्योगिक वसाहत आहे. जड धातूंचे जैविक विघटन होत नाही. ते गाळात व जलचरांच्या शरीरात साठत जातात. पिण्याच्या पाण्यातील शिशाची मर्यादा भारतीय मानकानुसार (आयएस १०५०० : २०१२) लिटरमागे केवळ ०.०१ मिलिग्रॅम आहे. चुना घालून धातूंचा अवक्षेप करण्याची रूढ पद्धत इतक्या अल्प प्रमाणापर्यंत सहसा पोहोचत नाही. म्हणून संशोधकांचे लक्ष नॅनोकणांकडे वळले.

त्यामागील तत्त्व पृष्ठभागाचे आहे. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे घन केल्यास ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाचा ६०० चौरस मीटर होतो. त्यावर शिसे, कॅडमियम यांच्या आयनांचे अधिशोषण होते.

वनस्पतीच्या अर्कातील टॅनिन व अन्य पॉलिफेनॉल लोहक्षाराच्या द्रावणात मिसळताच ते काळे पडते. हा रंगबदल म्हणजे शून्यसंयुजी लोह तयार झाल्याचा पुरावा, असे अनेक निबंधांत गृहीत धरलेले दिसते. येथे थोडे थांबावयास हवे. हिरडा व हिराकस यांपासून आपल्याकडे पूर्वापार काळी शाई केली जाई; तिचा काळेपणा लोह-टॅनिन संयुगाचा, धातुरूप लोहाचा नव्हे. चांदीचे प्रमाण विभव +०.८० व्होल्ट असल्याने तिच्या आयनांचे क्षपण सहज होते. लोहाचे विभव −०.४४ व्होल्ट आहे, त्यामुळे तोच न्याय त्यास लावता येत नाही. प्रत्यक्षात हाती येतात ते बहुधा लोहाचे ऑक्साइड किंवा पॉलिफेनॉल-संयुगांचे कण. तेही धातू धरून ठेवतात, हे खरे; परंतु क्ष-किरण विवर्तनासारख्या चाचणीवाचून विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात 'शून्यसंयुजी' हा शब्द येऊ देऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सुरूच्या सालीत टॅनिन असते, तेव्हा कच्च्या मालासाठी फणसाड अभयारण्यात शिरण्याचे कारण नाही. खरी अडचण खारेपणाची आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. कॅल्शियम व मॅग्नेशियम कणांवरील जागा अडवितात, तर क्लोराइड कॅडमियमला द्रावणातच बांधून ठेवते. सबब ही प्रक्रिया खाडीत नव्हे, कारखान्याच्या टाकीतच झाली पाहिजे. शिवाय धातू नष्ट होत नाही, पाण्यातून कणांवर जातो एवढेच. मॅग्नेटाइटचे कण चुंबकाने गोळा करता येतात. तथापि धातूंनी भरलेला तो साका घातक कचराच ठरतो व त्याची रवानगी तळोज्यासारख्या अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच करावी लागते.