गोळा फुटतो का?

मुलांनो, नकाशात बेल्जियम शोधा बरं. फ्रान्सच्या वर, जर्मनीच्या डावीकडे. सापडला? आपल्या महाराष्ट्राचे दहा सारखे तुकडे केले, तर त्यातल्या एका तुकड्याएवढा तो देश! तिथं म्यूज नदीच्या काठी लिएज नावाचं शहर आहे आणि त्या शहराचं आवडतं जेवण म्हणजे रश्शातले खिम्याचे गोळे. तिकडे त्यांना 'बुले' म्हणतात.

रश्शाचं नाव 'सॉस लापें'. लापें म्हणजे ससा. पण घाबरू नका, ससोबाचा याच्याशी काही संबंध नाही! हा रस्सा लापें आडनावाच्या एका बाईंच्या नावावरून ओळखला जातो, असं तिथले लोक सांगतात. तो असतो आंबट-गोड. आंबटपणा व्हिनेगरचा आणि गोडवा सफरचंद-नासपती आटवून केलेल्या काळ्या, दाट पाकाचा. आमच्या वरसाव्यात तो पाक कुठून मिळणार? आपण काकवी घेऊ.

आता तुमच्या घरची गोळ्यांची आमटी आठवा. तिथंही गोळे, तिथंही आंबट-गोड रस्सा, फक्त चिंच-गुळाचा. डब्यात दुसऱ्याचा गोळा पाहून नाक मुरडणारी मुलं मला वर्गात रोज दिसतात. पण दोन्ही गोळ्यांपुढचा प्रश्न एकच असतो : रश्शात पडल्यावर फुटायचं की टिकायचं?

खिम्यात मीठ घालून मळलं की मांसातली प्रथिनं सुटतात आणि खिमा चिकट होतो. या चिकटपणामुळेच गोळा टिकतो. पण नुसत्या खिम्याचा गोळा शिजताना आक्रसतो, घट्ट होतो. म्हणून त्यात दुधात भिजवलेला पाव घालायचा. पाव रस धरून ठेवतो आणि गोळा मऊ राहतो. अंडं उष्णतेनं घट्ट होतं, त्यामुळे तेही गोळा बांधून ठेवतं.

हरभऱ्याच्या डाळीचं तंत्र थोडं वेगळं. डाळ तीन-चार तास भिजवून, पूर्ण निथळून, पाणी न घालता भरड वाटायची. आमटीला खळखळून उकळी आली की आधी एकच गोळा सोडून बघायचा. गरम आमटीत त्याची बाहेरची बाजू लगेच घट्ट होते. आमटी कोमट असेल तर मात्र गोळा विरघळलाच! फुटला तर उरलेल्या वाटणात चमचाभर बेसन मिसळा. ज्यांच्या घरी मांस शिजत नाही, त्यांनी हेच करावं.

बाकीच्यांसाठी लिएजचे गोळे. अर्धा किलो खिमा घ्या. पावाचे दोन स्लाइस अर्धी वाटी दुधात भिजवून पिळून घाला. एक अंडं, एक बारीक चिरलेला कांदा, मूठभर कोथिंबीर (तिकडे पार्सली घालतात), चमचाभर मीठ आणि मिरपूड घालून पाच मिनिटं मळा. तिकडचे गोळे जवळजवळ टेनिसच्या चेंडूएवढे असतात. आपण लिंबाएवढे करू, म्हणजे आतपर्यंत शिजतील. कच्च्या खिम्याचे हात साबणानं धुवायचे, विसरायचं नाही.

गॅसजवळ मोठं माणूस हवंच. लोण्यात गोळे चारी बाजूंनी तांबूस परतून बाजूला काढा. त्याच पातेल्यात चार कांदे उभे चिरून मऊ होईपर्यंत परता. घाई नको, रश्शाची सगळी चव इथंच तयार होते. मग चमचाभर कणीक, दोन वाट्या पाणी, दोन मोठे चमचे व्हिनेगर, तेवढीच काकवी, अर्धं सफरचंद किसून, मूठभर मनुका, एक तमालपत्र, दोन लवंगा आणि चवीपुरतं मीठ. उकळी आली की गोळे सोडा, आच मंद करा, झाकण ठेवा. वीस-पंचवीस मिनिटांनी एक गोळा कापून पाहा. आत गुलाबी दिसला तर आणखी शिजवा.

बेल्जियममध्ये यासोबत बटाट्याच्या तळलेल्या सळ्या खातात. आपण त्यांना फ्रेंच फ्राइज म्हणतो, पण बेल्जियमचे लोक ठासून सांगतात, त्या आमच्याच! ते सळ्या दोनदा तळतात. आधी मंद तेलात, मग थंड करून कडक तेलात. त्यामुळे बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. एवढा खटाटोप नको असेल तर गरम भाकरी घ्या. त्या रश्शात ती छान लागते.