*पत्र्यामागची साइड पर्लिन : गोदाम बांधण्याआधी वाचा*



सोयाबीन, तूर, हरभरा ठेवायला आपल्याकडं आता पत्र्याचं गोदाम बांधायचा कल आहे. कोटेशन आलं की आपण पत्र्याचा रंग आणि जाडी विचारतो. पण भिंतीचा पत्रा वादळात धरून ठेवते ती मागची आडवी लोखंडी पट्टी, म्हणजे साइड पर्लिन. वाऱ्याचा जोर पत्र्यावरून पर्लिनवर, तिथून खांबावर आणि मग पायात उतरतो. यातला एक दुवा कच्चा राहिला की पत्रा सुटतो.

30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जड भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या. पत्र्याची भिंत हलकी, म्हणून तो धोका कमी. पण हलकी म्हणूनच वाऱ्याला लवकर सापडते. वारा समोरची भिंत आत दाबतो, मागची आणि बाजूची बाहेर ओढतो. वाऱ्याकडचं शटर उघडं असेल तर आत हवा भरून हा ताण आणखी वाढतो. अवकाळीचं आभाळ दिसलं की *शटर आधी लावा.*

*सही करण्याआधी फॅब्रिकेटरला विचारा :*
✅ पर्लिन झेड की सी? जाडी किती मिमी? कोटेशनवर लिहून घ्या.
✅ दोन पर्लिनमधलं अंतर किती? अंतर वाढवलं की लोखंड वाचतं, पण पत्रा फडफडतो.
✅ खांबांमधलं अंतर जास्त असेल तर मधे सॅग रॉड आहे का? नसेल तर पर्लिन खाली झोल खाते.
✅ जोड क्लिट-बोल्टचा आहे का? गॅल्व्हनाइज्ड पर्लिनला वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं, गंज तिथूनच धरतो.
✅ स्क्रूला रबरी वायसर आहे का?
✅ हिशोब आयएस 875 भाग 3 प्रमाणं, आपल्या गावच्या वाऱ्याचा धरलाय का?

*माल भरताना :* साइड पर्लिन वाऱ्यासाठी असते, धान्याच्या रेट्यासाठी नाही. पोत्यांची थप्पी किंवा सुट्टा ढीग पत्र्याला टेकवू नका. दोन फूट जागा सोडा, खाली लाकडी फळ्या टाका. थंडीत पत्र्याला आतून घाम येतो. 12 टक्क्यांच्या आत वाळवलेलं सोयाबीनही भिंतीलगत पुन्हा ओल धरतं, मग बुरशी आणि भाव दोन्हीकडून मार.

खिडकी किंवा पंख्यासाठी पर्लिन परस्पर कापू नका. कापावीच लागली तर चौकट बसवून दोन्ही टोकं बांधून घ्या.

कोटेशन हातात असेल तर सही करण्याआधी कंपनीच्या ऑफिसात घेऊन या. सोबत बसून बघू.