छत्रीचा डोळा आणि टीव्हीतल्या दोन पट्ट्या

पावसाळा लागला की आपल्या केंद्रावर एका तक्रारीचे फोन हमखास येतात. टीव्हीवर ‘नो सिग्नल’ची पाटी येते. मग तालुक्याहून मेकॅनिक बोलवायचा. त्याच्या येण्याजाण्याचे पैसे वेगळे, आणि पुष्कळदा तो घरात पाऊल टाकतानाच सांगतो, ‘‘बॉक्स गेला, नवीन घ्या.’’ बॉक्स जातोही कधी कधी, नाही असं नाही. पण बॉक्स बिचारा घरात सावलीत बसलेला असतो. ऊन-पाऊस खाणाऱ्या वस्तू वर गच्चीवर असतात, आणि आधी दमतात त्या. आज त्यांचीच ओळख करून घेऊ, म्हणजे पुढच्या वेळी मेकॅनिकला दोन प्रश्न आपणही विचारू शकू.

आपण जिला छत्री म्हणतो, ती नुसती पत्र्याची थाळी आहे. तिच्यात वीज नाही, यंत्र नाही. आकाशातून येणाऱ्या लहरी एका जागी गोळा करायच्या, एवढंच तिचं काम. डीडी फ्री डिशची चॅनेल जीसॅट-15 या उपग्रहावरून येतात. तो विषुववृत्तावर सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर आहे आणि पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला तो एकाच जागी टांगल्यासारखा असतो. आपल्या बाजूने पाहिलं तर आग्नेयेला. इतक्या लांबून येणारी लहर फार क्षीण असते. छत्री बोटभर जरी हलली तरी नेम चुकतो. म्हणून एक विनंती: तिच्या दांड्याला कपड्यांची दोरी बांधू नका. वाळवणाच्या दिवसांत कुरडयांवरचं पातळ उडू नये म्हणून आपण हाताला येईल त्याला गाठ मारतो, आणि संध्याकाळी मालिका लागत नाही म्हणून बॉक्सला बोल लावतो!

छत्रीसमोर दांडीच्या टोकाला जो छोटा डबा असतो, तो या सगळ्यातला खरा कारागीर. त्याला एलएनबी म्हणतात. छत्रीने गोळा केलेल्या लहरी याच्या तोंडात पडतात. तो दोन कामं करतो. एक, क्षीण लहर मोठी करतो, आणि तीसुद्धा स्वतःची खरखर शक्य तितकी कमी मिसळून. दुसरं काम जास्त गमतीचं आहे. उपग्रहाची लहर 11 ते 12 हजार मेगाहर्ट्झच्या घरातली असते. ती तशीच वायरीत सोडली तर खाली पोचेपर्यंत बहुतेक विरून जाईल. म्हणून एलएनबी तिला सुमारे 950 ते 2150 मेगाहर्ट्झवर उतरवतो. धरणाचं पाणी पाटात सोडताना त्याचा जोर मोडावा लागतो ना, तसंच काहीसं.

आता याला वीज कुठून मिळते? वरती तर प्लग नाही. ज्या वायरीतून चित्र खाली येतं, त्याच वायरीतून बॉक्स 13 किंवा 18 व्होल्ट वर पाठवतो. 13 ला एका जातीच्या लहरी उचलायच्या, 18 ला दुसऱ्या, असा तो इशाराही असतो. ज्या सेवेची चॅनेल दोन्ही जातींच्या लहरींवर असतात, तिथे निम्मी दिसतात आणि निम्मी गायब, असं झालं तर वायरीत किंवा पिनेत वीज अडते आहे का, हे आधी पाहायला लावा.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो या पिनेत. वायरीच्या मध्यात एक तार असते आणि भोवती जाळी. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट होतो. पाणी शिरलं तर तार हिरवी पडते. एलएनबीचं झाकण उन्हाने तडकतं आणि आत पाणी जातं, कधी मुंग्या घर करतात. वायर पिनेपाशी थोडी खाली झोळ देऊन सोडलेली असली, तर पावसाचं पाणी झोळाशी ठिबकून जातं, पिनेत उतरत नाही. नवी एलएनबी काही शे रुपयांत मिळते, पिन तर त्याहून कितीतरी स्वस्त. बॉक्सचे पैसे मोजायच्या आधी हे दोन्ही बदलून पाहा, असं सांगायला लाजू नका.

आणि हे वर न चढता कसं कळणार? रिमोटवर मेनू दाबा, सिग्नलचं पान शोधा. तिथे दोन पट्ट्या दिसतील, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. बहुतेक बॉक्समध्ये पहिली पट्टी सांगते की वरून काहीतरी येतं आहे, आणि दुसरी सांगते की जे येतं आहे ते उपग्रहाचं आणि कामाचं आहे. दोन्ही शून्य असतील तर वायर, पिन किंवा एलएनबी. पहिली भरलेली आणि दुसरी शून्य असेल तर एलएनबी बहुधा जिवंत आहे, छत्री हलली आहे किंवा समोरचा शेवगा वाढून आड आला आहे. दोन्ही चांगल्या आणि तरी चित्र नाही, तेव्हा रिचार्ज, टीव्हीची वायर, आणि मग बॉक्स. चित्र स्वच्छ असतानाच या पट्ट्या किती भरतात ते वहीत लिहून ठेवा. बिघाडाच्या दिवशी तुलनेला तेच उपयोगी पडतं.

2020 साली शाळा बंद होत्या तेव्हा सह्याद्री वाहिनीवरची ‘टिलीमिली’ पाहून पुष्कळ मुलांनी अभ्यास केला. ज्या घरात मोबाइल एकच आणि तोही वडिलांबरोबर कामावर, तिथे या डब्यावरच भिस्त होती. म्हणून आम्हाला हा विषय केवळ मालिकांचा वाटत नाही.

वर चढायची वेळ आलीच तर आधी बॉक्सचा प्लग काढा. ओल्या पत्र्यावर जाऊ नका, आणि जवळून विजेच्या तारा जात असतील तर मुळीच नको, ते काम जाणत्या माणसाचंच. वीज कडाडायला लागण्याआधी बॉक्सचा प्लग आणि छत्रीची वायर दोन्ही सोडवून ठेवा.

धो धो पावसात चित्र गेलं तर मात्र कुणालाच बोलावू नका. पावसाचे थेंब ही लहर पिऊन टाकतात. सर ओसरली की चित्र आपसूक येतं. तसंच मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस, फ्री डिशवर साधारण सकाळी अकराच्या सुमारास, काही मिनिटं चित्र जातं. त्या वेळी सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात उपग्रहाचा आवाज बुडतो. तेवढ्यात भाजी निवडून होते.