एम-37 च्या बॉनेटखाली डिझेल इंजिन

डॉज कंपनीचा एम-37 हा अमेरिकी लष्कराचा पाऊण टनी ट्रक. दुसऱ्या महायुद्धात वापरलेल्या डॉजच्याच डब्ल्यूसी मालिकेची जागा त्याने घेतली. 1951 ते 1968 या काळात असे लाखाहून अधिक ट्रक तयार झाले आणि कोरियापासून व्हिएतनामपर्यंत धावले. लष्कराने मोडीत काढलेले ट्रक लिलावात निघू लागले, तेव्हा शेतकऱ्यांनी, गावोगावच्या अग्निशमन दलांनी आणि पुढे हौशी लोकांनी ते विकत घेतले. चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा, जाड पोलादी चेसिस, भक्कम ॲक्सल आणि पाटे यांमुळे हा ट्रक आजही कामाचा आहे. त्याचे पेट्रोल इंजिन मात्र काळाच्या मागे पडले. म्हणूनच या ट्रकात डिझेल इंजिन बसवण्याची पद्धत अमेरिकेत रुजली आणि जुन्या लष्करी गाड्यांवर होणाऱ्या कामांत तिला मानाचे स्थान मिळाले.

मूळ इंजिन सहा सिलिंडरचे, 230 घन इंचांचे, म्हणजे सुमारे 3.8 लिटरचे आहे. त्याच्या झडपा हेडमध्ये नसून सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच असतात. ही रचना बुटकी, साधी आणि दुरुस्तीला सोपी असते, पण तीत हवेचा मार्ग वळणावळणाचा होतो आणि दाबाचे प्रमाण फार वाढवता येत नाही. एम-37 मध्ये हे प्रमाण सातपटीच्या आतच आहे. परिणामी एवढ्या मोठ्या इंजिनातून मिनिटाला 3200 फेऱ्यांना जेमतेम 78 अश्वशक्ती मिळते आणि पेट्रोल भरपूर जळते. रिकाम्या ट्रकचेच वजन अडीच टनांच्या घरात असल्याने चढावर त्याची दमछाक होते.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा साधारण सतरापट दाबली जाते, त्या दाबाने ती इतकी तापते की नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेटते. दाबाचे प्रमाण जास्त असल्यामुळे इंधनातल्या उष्णतेचा मोठा भाग कामी येतो. शिवाय कमी फेऱ्यांवरही ओढ चांगली मिळते, आणि चिखलात किंवा ओझे घेऊन हळूहळू जाणाऱ्या ट्रकला नेमके तेच हवे असते. डिझेल पेट्रोलसारखे चटकन भडकत नाही, हाही फायदा आहेच.

या कामासाठी सर्वाधिक पसंती मिळाली ती कमिन्स कंपनीच्या 4 बीटी इंजिनाला. कमिन्सने 1980 च्या दशकात बी मालिका बाजारात आणली. तिच्यातले सहा सिलिंडरचे 5.9 लिटरचे इंजिन 1989 पासून डॉजच्या पिकअप ट्रकांत बसू लागले आणि नावारूपाला आले. 4 बीटी हे त्याच इंजिनाचे चार सिलिंडरचे धाकटे भावंड, 3.9 लिटरचे. अमेरिकेत पाव आणि खाऊची पाकिटे दुकानोदुकानी पोचवणाऱ्या उभट व्हॅनमध्ये ते हजारोंनी बसले होते. त्या व्हॅन भंगारात गेल्या की चांगल्या अवस्थेतली इंजिने सुटी मिळू लागली. त्यात टर्बो आहे, कॅमशाफ्ट फिरवायला पट्ट्याऐवजी गिअर आहेत आणि बॉशचा यांत्रिक डिझेल पंप आहे. संगणक नसल्यामुळे जुन्या ट्रकात बसवताना तारांचे जंजाळ आड येत नाही. व्हॅनमधल्या रूपात ते 105 अश्वशक्ती आणि सुमारे 360 न्यूटन-मीटर पीळबळ (टॉर्क) देते. हे पीळबळ दीड-पावणेदोन हजार फेऱ्यांच्या आसपासच हाताशी येते. मूळ पेट्रोल इंजिनाचे पीळबळ याच्या साधारण दोन-तृतीयांश होते.

महाराष्ट्राला कमिन्स कंपनी परकी नाही. किर्लोस्करांच्या भागीदारीत पुण्यात 1962 साली स्थापन झालेली किर्लोस्कर कमिन्स म्हणजेच आजची कमिन्स इंडिया. बी मालिकेची इंजिने पुढे जमशेदपूरच्या टाटा कमिन्समध्ये तयार होऊन टाटांच्या ट्रकांत बसली, त्यामुळे हे घराणे भारतातल्या गॅरेजवाल्यांच्याही परिचयाचे आहे.

सुटे इंजिन घेतले की ते बसवण्याआधीच एक काम करून घ्यावे लागते. या मालिकेत पुढच्या गिअर-केसमध्ये एक छोटी पोलादी डॉवेल पिन असते. इंजिनाच्या थरथरीने ती वर्षानुवर्षे सैल होत जाते आणि निसटून टायमिंग गिअरांत पडली तर केस फोडते, गिअरांचे दात तोडते. उपाय अगदी सोपा आहे. पुढचे कव्हर काढून पिनेच्या तोंडावर धातूची लहान पट्टी बोल्टने आवळली की धोका टळतो. इंजिन जमिनीवर असताना हे काम हाताच्या अंतरावर असते, गाडीत बसल्यावर मात्र रेडिएटरपासून सगळे उतरवावे लागते.

यानंतर येतो सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जाणारा प्रश्न: गिअरांचे गणित. पेट्रोल इंजिन 3200 फेऱ्यांपर्यंत जाते, तर व्हॅनमधले 4 बीटी अडीच हजारांच्या आसपास गव्हर्नरने रोखलेले असते. एम-37 चे क्राउन-पिनियन 5.83 प्रमाणाचे आहे, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टच्या 5.83 फेऱ्यांना चाकाची एक फेरी. 9.00-16 मापाचा टायर एका फेरीत सुमारे 2.7 मीटर अंतर कापतो. टॉप गिअरमध्ये गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस दोन्ही सरळ एकास एक चालतात. या हिशेबाने 3200 फेऱ्यांना ट्रकचा वेग ताशी 89 किलोमीटरच्या आसपास येतो, आणि या ट्रकचा लष्करी नोंदीतला कमाल वेगही ताशी 55 मैल, म्हणजे तेवढाच आहे. तेच गणित 2500 फेऱ्यांना मांडले तर उत्तर येते 70 किलोमीटर. अश्वशक्ती 78 वरून 105 झाली आणि ट्रकचा वेग मात्र जवळपास वीस किलोमीटरने घटला, आणि ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. इंजिन बसवून झाल्यावर ती लक्षात आली तर सगळा खर्च झालेला असतो.

यातून बाहेर पडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, ॲक्सलमधले क्राउन-पिनियन बदलणे. डॉजच्या नागरी पॉवर वॅगन ट्रकात 4.89 चे क्राउन-पिनियन येत असे. ते बसवले तर 2500 फेऱ्यांना सुमारे 83 किलोमीटर वेग मिळतो. पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलमध्ये एकच प्रमाण असावे लागते, नाहीतर चारही चाके जोडल्याबरोबर पुढची आणि मागची चाके एकमेकांशी झुंजू लागतात आणि ट्रान्सफर केस तुटतो. दुसरा मार्ग ओव्हरड्राइव्ह असलेला गिअरबॉक्स घालण्याचा. डॉजच्या डिझेल पिकअपमध्ये आलेल्या एनव्ही 4500 या पाच गिअरांच्या बॉक्सचे पाचवे प्रमाण सुमारे 0.75 आहे. त्याने त्याच फेऱ्यांना ताशी 90 किलोमीटरच्या पुढे जाता येते आणि खालच्या गिअरांतली मूळ ओढही शाबूत राहते. दुसरा मार्ग महाग असला तरी उजवा आहे, कारण 5.83 चे प्रमाण हीच या ट्रकची रानातली ताकद आहे. दोन्ही बदल एकत्र केले तर वेग शंभराच्या पुढे जाईल, पण त्या वेगाला लागणारे ब्रेक आणि स्टिअरिंग या ट्रकात नाहीत. तो मोह टाळलेलाच बरा.

एम-37 मध्ये ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नसून चेसिसवर स्वतंत्र बसवलेला असतो आणि दोघांना जोडणारा एक आखूड शाफ्ट असतो. ही रचना इथे वरदान ठरते. नवा गिअरबॉक्स लांब असो की आखूड, फक्त तो आखूड शाफ्ट नव्या मापाचा करून घेतला की मागचे सगळे जागच्या जागी राहते.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बेल हाउसिंग किंवा ॲडॉप्टर प्लेट येते. येथे अचूकता केसाएवढी लागते. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य क्रँकशाफ्टच्या मध्याशी तंतोतंत जुळावा लागतो. फ्लायव्हीलवर डायल गेज बसवून क्रँक हाताने फिरवत ही मध्यरेषा तपासतात आणि फरक सुमारे सव्वा दशांश मिलिमीटरच्या पलीकडे जाऊ देत नाहीत. तो जास्त राहिला तर क्लच प्लेट झिजते, पायलट बेअरिंग ओरडू लागते आणि गिअर आपोआप सुटतो. दोष गिअरबॉक्सचा वाटतो, पण तो असतो जोडणीचा.

जागेचा प्रश्न लांबीचा नसून उंचीचा असतो. चार सिलिंडरचे इंजिन मूळ सहा सिलिंडरपेक्षा आखूड आहे, पण झडपा हेडमध्ये असल्यामुळे चांगलेच उंच आहे. ते वर ठेवले तर बॉनेट लागत नाही, खाली घेतले तर तेलाचे चेंबर पुढच्या ॲक्सलच्या गोळ्यावर आपटते. खड्ड्यात चाक आदळून पाटे पूर्ण दबले तरी चेंबर आणि ॲक्सल यांच्यात मोकळी जागा उरली पाहिजे. त्यासाठी चेंबरचा खोलगट भाग पुढे किंवा मागे असलेले योग्य रूप निवडावे लागते.

4 बीटी थरथरते, आणि ही तक्रार अतिशयोक्त नाही. ओळीत चार सिलिंडर असले की क्रँकच्या प्रत्येक फेरीत दोनदा वरखाली हिसका बसतो. मूळ सहा सिलिंडर इंजिनात हे हिसके एकमेकांना मारून टाकत. म्हणून नव्या इंजिनाचे फाउंडेशन मऊ पण जाड रबराचे असावे, तेही इंजिनाचे वजन तोलणारे. नुसत्या इंजिनाचे सुमारे साडेतीनशे किलो त्यावर बसायचे असतात. रबर कडक निवडले तर थरथर चेसिसमार्गे केबिनमध्ये येते, वेल्डिंग तडकते, रेडिएटरचे टाके सुटतात.

रेडिएटरमध्ये नव्या इंजिनाची उष्णता पेलण्याची क्षमता हवी. टर्बोकडे जाणाऱ्या हवेचा फिल्टर मोठा आणि धूळ पकडणारा असावा, कारण धुळीचा कण टर्बोच्या पात्यांना आणि सिलिंडरला सारखाच घातक. सायलेन्सरचा पाइप तीन इंचांच्या आसपास रुंद ठेवतात.

इंधनाच्या बाजूला जुनी टाकी धुऊन चालत नाही, ती आतून गंजमुक्त हवी. डिझेल पंपाचे भाग इतके बारीक घासलेले असतात की गंजाची पूडही त्यांना नासवते. जस्ताचा मुलामा दिलेली टाकी किंवा नळ्या वापरू नयेत, डिझेलशी जस्ताची प्रक्रिया होऊन तयार होणारा गाळ फिल्टर तुंबवतो. पेट्रोल इंजिनात इंधनाची एकच नळी पुरते. डिझेलला पंप आणि नोझल यांतून उरलेले इंधन टाकीत परत नेणारी दुसरी नळी लागते. पाणी वेगळे करणारा फिल्टर असावाच. पहिल्यांदा चालू करताना नळ्यांतली एअर नीट काढली नाही तर इंजिन पकडत नाही, आणि अननुभवी माणूस सेल्फ मारत बॅटरी संपवतो.

एम-37 ची विद्युत व्यवस्था 24 व्होल्टची आहे. पेट्रोल इंजिनाला लागणारी, पाण्यात भिजू नये म्हणून धातूच्या आवरणात बंद केलेली इग्निशन यंत्रणा डिझेलला लागतच नाही. यांत्रिक पंपाच्या इंजिनाला धावताना वीज हवी ती केवळ इंधन बंद करणाऱ्या सोलेनॉइडसाठी. सेल्फ आणि अल्टरनेटर 12 तसेच 24 व्होल्टचे मिळतात, त्यामुळे मूळ 24 व्होल्ट ठेवणे शक्य आहे आणि सोयीचेही. इग्निशन यंत्रणाच नसल्यामुळे पाण्यातून जाण्याची क्षमताही वाढते. फक्त हवेचे तोंड वर न्यावे लागते.

ब्रेक हे मात्र दुय्यम मानले जाऊ नयेत. मूळ ब्रेक ड्रमचे, हायड्रॉलिक आणि एकाच सर्किटचे आहेत. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. इंजिन बदलताना दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवणे ही चैन समजू नये. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये तयार होणारी निर्वात पोकळी डिझेलमध्ये मिळत नाही, म्हणून ब्रेकला व्हॅक्यूम सर्व्हो जोडायचा असेल तर स्वतंत्र पंप लागतो.

भारतातही या प्रकारचे काम जुनेच आहे. इंग्लंडच्या पर्किन्स कंपनीचे 1937 साली आलेले पी 6 डिझेल इंजिन पेट्रोल ट्रकांमध्ये बदली म्हणून खूप खपले. महिंद्राने 1979 मध्ये प्यूजोशी करार करून जीपसाठी डिझेल इंजिन मिळवले. लष्कराची जोंगा म्हणजे निसानच्या पेट्रोल गाडीचे जबलपूरला 1969 पासून तयार झालेले रूप. तिचे सहा सिलिंडरचे, सुमारे चार लिटरचे पेट्रोल इंजिन खर्चिक असल्याने लिलावात घेतलेल्या अनेक जोंगांमध्ये मालकांनी डिझेल इंजिने बसवली. तंत्राचे प्रश्न तेच, फाउंडेशन, बेल हाउसिंग आणि क्राउन-पिनियन.

कायद्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. अमेरिकेत लिलावात घेतलेल्या गाडीसोबत मिळणाऱ्या सरकारी एसएफ-97 प्रमाणपत्रावर मालकीची नोंदणी होते आणि इंजिनबदलाचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. भारतात मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. इंजिन क्रमांक आणि इंधनाचा प्रकार हे दोन्ही त्या तपशिलात येतात. म्हणून भारतात अशा गाडीला हात लावण्याआधी परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि परवानगी हातात आल्यावरच जुने इंजिन उतरवावे.