हिब्रू शब्दांच्या मुळाशी (भाग ६) : रहामीम

मागच्या आठवड्यात 'शालोम' पाहिला. आजचा शब्द 'रहामीम'. कोशात त्याचे अर्थ दया, करुणा असे दिलेले असतात आणि ते बरोबरच आहेत. पण र-ह-म या त्याच मुळाक्षरांचा आणखी एक शब्द हिब्रूत आहे, 'रेहेम', म्हणजे गर्भाशय. अरबीतले 'रहमान', 'रहीम' याच कुळातले, आणि फारसीच्या वाटेने मराठीत आलेले 'रहम', 'बेरहम' हेही.

इथवर आलं की पुष्कळ जण 'देवाची आईची माया' म्हणून मोकळे होतात. पण मूळ सापडलं म्हणून वापर कळत नाही. त्यासाठी हिब्रू बायबलचा जुना मजकूरच उघडायला हवा.

शलमोन राजाच्या न्यायाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. एका तान्ह्या पोरावर दोन बायका हक्क सांगतात आणि राजा तलवार मागवतो. पोराचे दोन तुकडे होणार म्हटल्यावर खऱ्या आईचे 'रहामीम' तापले, असं हिब्रू मजकूर सांगतो. तापले, पेटले अशाच छटेचं क्रियापद तिथे आहे. मराठीत आपण म्हणू, तिच्या पोटात तुटलं. पोर हिलाच द्या, पण मारू नका, असं ती म्हणते. स्वतःचा दावा सोडून देते, आणि त्यावरूनच राजा आई ओळखतो.

आता गंमत बघा. हेच क्रियापद आणि हाच शब्द उत्पत्तीच्या पुस्तकात एका पुरुषाबद्दल येतो, आणि तोही मिसरचा सर्वाधिकारी. भावांनी विकून टाकलेला योसेफ आता धान्याच्या कोठारांचा कारभारी आहे. दुष्काळात तेच भाऊ दारात आलेत, त्याला ओळखतही नाहीत. त्यांच्यात बन्यामीन दिसतो. बाकीचे सावत्र, हा एकटाच त्याच्या आईचा, सहोदर. योसेफाचे रहामीम तापतात. तो घाईने आतल्या खोलीत जातो, रडतो, तोंड धुतो, स्वतःला सावरून बाहेर येतो आणि जेवण वाढायला सांगतो. मला हे तोंड धुणं फार आवडतं. मोठेपणाने कुणावर केलेली मेहेरबानी यात कुठेच नाही. आतून काहीतरी उसळलंय आणि अधिकाऱ्याला ते चारचौघांत लपवावं लागतंय.

एका स्तोत्रात तर याच धातूचं क्रियापद बापाला लावलंय. तेव्हा बाईपणाशी हा शब्द बांधून टाकण्यात अर्थ नाही.

हा शब्द नाकारलाही जातो. होशेय संदेष्ट्याला आपल्या मुलीचं नाव 'लो-रुहामा' ठेवायची आज्ञा होते, म्हणजे जिच्यावर दया झाली नाही ती. देवाने दया थांबवली हे लोकांना कळावं म्हणून एका लेकीने असलं नाव वागवायचं! पुढे त्यातला 'लो', म्हणजे नकार, गळतो.

नंतरच्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, रहामीमच्या समोर 'दीन', म्हणजे कडक न्याय, ठेवला. मिद्राशात, म्हणजे त्यांच्या बायबलवरच्या विवरणात, एक दृष्टांत आहे: राजाकडे नाजूक पेले आहेत, नुसतं गरम पाणी ओतलं तर फुटतील, नुसतं गार ओतलं तर तडकतील. राजा दोन्ही मिसळून ओततो. देवाने जगही न्याय आणि दया मिसळूनच घडवलं, नाहीतर ते टिकलं नसतं, असं रब्बींचं म्हणणं.

हा शब्द मुंबईतही एका दारावर आहे. मांडवीतल्या सॅम्युएल स्ट्रीटवरचं 'शाआर हारहामीम', अर्थात दयेचं द्वार, हे बेने इस्राएल या ज्यू समाजाचं मुंबईतलं सर्वांत जुनं प्रार्थनागृह. त्यांच्या बोलण्यात 'जुनी मशीद'. कंपनी सरकारच्या फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये ते उभारलं. टिपूच्या कैदेतून जीव वाचला म्हणून केलेला हा नवस, अशी समाजातली आठवण. सुटकेसाठी टिपूच्या आईने शब्द टाकला, असंही सांगतात. तसं असेल तर नाव फारच नेमकं पडलं म्हणायचं.

पुढच्या आठवड्यात 'हेसेद'. त्याचाही अर्थ दयाच सांगतात, पण तो नात्याच्या आणि दिलेल्या शब्दाच्या बाजूने येतो.