हिंगोट ते चांद्रयान : रेटा आणि वजनाचे गणित



आपल्या देपालपूर तहसिलीतल्या गौतमपुऱ्यात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी ‘तुर्रा’ आणि ‘कलंगी’ हे दोन पक्ष एकमेकांवर पेटते हिंगोट फेकतात. हिंगोट म्हणजे हिंगणाचे पोखरून वाळवलेले फळ. त्यात दारू भरतात, एक तोंड मातीने बंद करतात आणि दिशा राहावी म्हणून बांबूची काडी बांधतात. पेटल्यावर उघड्या तोंडातून वायू जोराने मागे जातो आणि हिंगोट पुढे पळते. हाच न्यूटनचा तिसरा नियम. म्हणजे हिंगोट हे एक छोटेसे रॉकेटच!

वायूमुळे मिळणाऱ्या या ढकलीला ‘रेटा’ म्हणू. सरळ वर जाणाऱ्या रॉकेटला रेटा वर ढकलतो, तर वजन खाली ओढते. वजनाला तोलून जो रेटा उरतो, तोच रॉकेटचा वेग वाढवतो. वेग वाढण्याच्या या दरालाच त्वरण म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. रॉकेटचे वजन १०० टन आणि रेटा १२० टन. शिल्लक फक्त २० टन, आणि हलवायचे आहेत १०० टन. म्हणून वेग दर सेकंदाला साधारण २ मीटर प्रतिसेकंद एवढाच वाढतो. आता निम्मे वजन, म्हणजे ५० टन इंधन जळून गेले असे समजा. रेटा तोच, पण शिल्लक राहतो ७० टन आणि हलवायचे उरतात ५० टनच. वेग आता दर सेकंदाला १४ मीटर प्रतिसेकंद वाढतो. वजन निम्मे झाले, पण त्वरण सातपट! रॉकेट सुरुवातीला जड पावलांनी का उठते आणि पुढे सुसाट का सुटते, याचे हे एक मोठे कारण.

१४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ निघाले, तेव्हा रॉकेटचे वजन सुमारे ६४० टन होते. प्रत्यक्ष यान मात्र ४ टनांहूनही कमी! बाकीचा बहुतेक भार इंधनाचा. इंधन संपलेले टप्पेही वाटेत टाकून दिले जातात, कारण रिकामे ओझे वाहून उपयोग काय?

त्वरण फार वाढले तरी धोका असतो. चंद्रावर माणसे नेणाऱ्या अमेरिकेच्या सॅटर्न-५ रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात पाच इंजिने होती. त्यातले मधले इंजिन मुद्दाम लवकर बंद करत.

हिंगोटाला असा लगाम नसतो. मूठभर वजन, क्षणात वाढणारा वेग आणि दिशेचा भरवसा नाही. म्हणूनच तिथे दरवर्षी माणसे भाजतात. पालकांनी मुलांना दारूचे प्रयोग घरी करू देऊ नयेत.

त्याऐवजी हे करून पाहा. छताच्या हुकाला दोरा बांधून त्यात स्ट्रॉ ओवा. स्ट्रॉला फुगवलेला फुगा तोंड खाली ठेवून चिकटवा आणि सोडा. मग दर वेळी फुगा तेवढाच फुगवून एकेक यू-पिन वाढवत जा. कितव्या पिनेला फुगा जागचा हलला नाही? तिथे वजनाने रेट्याला गाठले!